आतोबासाहेबांची पलटण

आमच्या घरची रद्दी महिन्याच्या महिन्याला जाते. भंगारवाला भिया, म्हणजे इकडचा भाऊ, येतो, तोलतो, घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते साठतच राहतात, आणि कोणी पाहुणा चहाला बसला की एकेक खाली पडायला लागतो. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आमचे ‘हे’ फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं स्पेशल फोर्समध्ये, आणि शेवटची काही वर्षं तिथे कमांडो व्हायला येणाऱ्या पोरांना पारखण्यात. नेमकं काय केलं, कुठे केलं, हे त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. लग्नानंतर एकदा ते बरेच महिने गायब होते. परत आल्यावर मी विचारलं, इतके दिवस होतात कुठे? तर म्हणाले, “बाहेर.” त्यानंतर मी विचारणं सोडलं.

निवृत्तीनंतर आम्ही देवासला आलो. आठवडाभर ह्यांनी घरात बसून पाहिलं. माझे डबे उंचीप्रमाणे लावले, चमचे एका रेषेत ठेवले, आणि मोलकरणीला ‘सावधान’मध्ये उभं राहायला लावलं. ती काम सोडून जाते म्हणाली तेव्हा मीच ह्यांना घराबाहेर काढलं. तेव्हापासून हे रोज सकाळी टेकरीखालच्या मैदानावर पोरं पळवतात. फी नाही, त्यामुळे गर्दी भरपूर. देवासची तर असतातच, पण टोंकखुर्दची येतात, रविवारी धार-तिरल्याहूनही येतात. निम्मी मराठी, निम्मी हिंदी. मराठी पोरांचं मराठी असं की पूजेला बसली तर आजोबांसारखी बोलतात आणि उठली की ‘क्या भिया’ सुरू. सगळ्यांचे पोहे माझ्याकडे. म्हणजे ही पलटण अर्धी ह्यांची आणि अर्धी माझ्या कढईची.

\* \* \*

सगळ्यांचा प्रश्न एकच. कमांडो व्हायला काय लागतं?

टोंकखुर्दहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. सोयाबीनची शेती, डोक्याला पांढरा गमछा, बोलायला सरळ. कमांडोचा फॉर्म कधी निघतो, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी शांतपणे समजावलं. फॉर्म निघत नाही. आधी साधी फौज. तिथे नीट नोकरी करायची, मग स्वतःहून हात वर करायचा की मला यायचंय. मग ते बोलावतात, आणि तुम्ही परत जावं म्हणून जे जे करता येईल ते सगळं करतात. झोपू देत नाहीत, खाऊ देत नाहीत, पाठीवर ओझं देऊन डोंगर चढवतात, आणि जो ‘पुरे’ म्हणेल त्याला त्याच दिवशी प्रेमाने गाडीत बसवून देतात. इतकं होऊन जो उरला तो कमांडो.

गृहस्थ विचारात पडले. “मतलब बुलाते भी वोई हैं और भगाते भी वोई?”

हे म्हणाले, हो.

“तो साब, पहले ई नी बुलाते.”

ह्यांना शत्रूने कधी गप्प केलं असेल-नसेल, मला माहीत नाही. त्या दिवशी मात्र माझ्यासमोर झाले.

दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलनीतल्या एक बाई आल्या. चिन्मयची आई. चिन्मय पिळदार वगैरे होता, पण आईच्या मागे उभा होता. त्या म्हणाल्या, बाकी काही नाही, दुपारच्या झोपेचं तेवढं सांभाळून घ्या, नाही झोपला की त्याचं डोकं दुखतं. ह्यांनी सांगितलं की तिथे रात्रीसुद्धा झोपू देत नाहीत. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “मग असं करा ना भाऊजी, त्याला सकाळच्या बॅचला टाका.”

\* \* \*

आता आमचा यशू. माझ्या धारच्या दादाचा मुलगा, म्हणजे माझा सख्खा भाचा. दादा शाळेत संस्कृत शिकवतो. घरात सगळं जुन्या वळणाचं, जेवायला बसताना चित्राहुती, आणि नात्यांची नावं तर अशी की आता पुण्यातही कोणी वापरत नसेल. यशूला लहानपणापासून एकच वेड, आतोबांसारखं व्हायचं. दादाला वाटायचं पोराने बी.एड. करावं. पोराला वाटायचं डोंगर चढावेत. शेवटी दादाने त्याला माझ्याकडे देवासला पाठवून दिला आणि मला फोनवर म्हणाला, “तुझ्या यजमानांना सांग, याचं वेड घालवा.” म्हणजे ज्याने वेड लावलं त्यालाच वैद्य केलं.

आतोबा म्हणजे आत्याचा नवरा, हे तुम्हाला-मला माहीत. पलटणीतल्या हिंदी पोरांना काय माहीत! यशू मैदानावर ‘आतोबा, आतोबा’ करायचा, तोही अगदी ताठ उभा राहून. पोरांना वाटलं हा फौजेतला हुद्दा आहे. आठवड्याभरात सगळे ह्यांना ‘आतोबासाहब’ म्हणायला लागले. ह्यांनी काही सुधारलं नाही. मला वाटतं त्यांना आवडलं होतं.

मग भरतीचा मेळावा आला. आमचा तिरल्याचा मुकेश तिथे शर्यतीत पहिला आला. तिथल्या साहेबाने खूश होऊन विचारलं, कुणाकडे तयारी केलीस? मुकेशने छाती पुढे काढून सांगितलं, “आतोबासाहब के पास.”

“ये कौन-सी रैंक है?”

मुकेश क्षणभर अडखळला. मग ठामपणे म्हणाला, “साब, सूबेदार से ऊपर. बहुत कम को मिलती है.”

खरंच आहे ते. यशूला एकच आत्या आणि ह्यांना एकच यशू.

\* \* \*

भाषेचा घोटाळा सगळ्यात मोठा झाला तो टेकरीवर. वाळूची पिशवी पाठीवर घेऊन पोरांना माताजीच्या टेकरीवर चढवायचं आणि उतरवायचं, हा ह्यांचा आवडता कार्यक्रम. त्या दिवशी ऊन चढलं होतं. रस्त्याकडच्या बाजूला पोरं उतरून आली, धापा टाकत होती. ह्यांना दया आली. ती फार क्वचित येते. हे ओरडले, “बस!”

मराठी पोरं खाली बसली. हिंदी पोरं जिथल्या तिथे थांबली. आणि मुकेश वाळूच्या पिशवीसकट रस्त्याकडे धावत सुटला, कारण त्याला धारकडची बस पकडायची होती.

एका शब्दात तीन दिशांना तीन तुकड्या! हे म्हणाले, प्रत्यक्ष लढाईत असं घडवून आणायला लोकांना वर्षं लागतात.

मुकेशला बस मिळालीसुद्धा. कंडक्टरने वाळूच्या पिशवीचं वेगळं तिकीट मागितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अजून सुट्टी घेतलेली नाही.

\* \* \*

नालछ्याचा किस्सा मी जाईन तिथे सांगते.

ह्यांनी ठरवलं की पोरांना उपाशी राहायची सवय हवी. शत्रूच्या मुलखात एकटं पडलं तर काय खाल? नालछ्यापाशी पोरांना गाडीतून उतरवलं. खिशात पैसे नाहीत, फोन नाही, डबा नाही. रानातून मांडवगडापर्यंत चालायचं, रानात मिळेल ते खायचं, आणि मुख्य म्हणजे एकाही गावकऱ्याच्या नजरेला पडायचं नाही. संध्याकाळी हे मांडवला वाट पाहत उभे. बरोबर मी होते, दोन डझन केळी घेऊन, कारण मला पोरांची काळजी.

पोरं आली. दुरूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सकाळी ती वाकून, दबकत गेली होती. आता सगळी पोटं पुढे काढून, संथ चालत येत होती. चिन्मयने तर पट्टा सैल केला होता. केळ्यांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

ह्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मुकेशला विचारलं. तो म्हणाला, साब, आम्ही झाडीत लपलो होतो, अगदी तुम्ही शिकवलं तसे. पण एक म्हातारी शेळी शोधत आली, तिने पाहिलं. तिच्या घरी काही कार्य होतं, ती म्हणाली, “बेटा, जीमी ने जाजो.” तर जेवून आलो. डाळ, बाफले, लाडू. तूप घरचं होतं, साब.

हे लाल झाले. “तुम दुश्मन के इलाके में थे!”

मुकेशने मान खाली घातली. “साब, दुश्मन ने बहुत आग्रह किया.”

यावर ह्यांनी काही बोलायच्या आत यशू पुढे आला आणि पळसाच्या पानात बांधलेलं पुडकं त्याने ह्यांच्या हातात दिलं. “आतोबा, त्यांनी तुमच्यासाठी पण दिलंय.” ह्यांनी ते उघडलं, वास घेतला, आणि पोरांकडे पाठ करून खाल्लं. माळव्यात कोणाला उपाशी ठेवायचं तर हद्दीबाहेर न्यावं लागेल, हे त्या दिवशी फौजेच्या वतीने मान्य झालं.

\* \* \*

यशूमध्ये खरंच काही आहे, हे मला कळलं ते कुकरच्या शिट्टीमुळे.

परीक्षा अशी होती. भर दुपारी आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी पळवून आणायची. पहारा माझा. मला आधीच सांगून ठेवलेलं, म्हणजे मी डोळ्यांत तेल घालून बसलेली. पकडला गेला तो नापास.

चिन्मय मागच्या भिंतीवरून आला. भिंत त्याने सुंदर ओलांडली, पण पलीकडे शेजारच्या वन्संनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या कुरडयांचा आवाज चौकापर्यंत गेला, आणि वन्संचा त्याच्याही पुढे. मुकेश भंगारवाला बनून आला, आवाजसुद्धा हुबेहूब काढला. मी त्याला ओळखलं, पण म्हटलं येतोय तर येऊ दे. गच्चीवरचा मोडका कूलर त्याच्या गळ्यात मारला. तो कूलर ओढत इतका लांब गेला की शिट्टी विसरला.

यशू पुढच्या दाराने आला. बेल वाजवली. “आत्या, पोहे उरलेत का?” मी म्हटलं, आहेत, बस. त्याने पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली, आईचे गुडघे कसे आहेत ते सांगितलं, ताटली स्वतः घासून ठेवली, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि पुन्हा पहाऱ्यावर बसले. संध्याकाळी डाळ लावली तर कुकर नुसताच फुसफुसत बसला.

हे जोरात हसले. ते हसतात, हे मला त्या दिवशी पुन्हा आठवलं. मग गंभीर झाले आणि म्हणाले, “पळणं, चढणं शिकवता येतं. समोर असून न दिसणं नाही शिकवता येत. हा होईल.”

मला आनंद झाला, पण निम्माच. कारण ह्यांचं ‘बाहेर’ मी सोसलेलं होतं. आता ते दादाच्या घरी जाणार होतं.

\* \* \*

तर यशू फौजेत गेला, काही काळ नीट नोकरी केली, आणि त्याने हात वर केला. त्याला बोलावणं आलं. आणि तो नापास झाला.

कसा झाला ते ऐका. दिवसेंदिवस झोप नाही, पाठीवर ओझं, आणि एकामागे एक रांगेने चालायचं. माणूस चालता चालता झोपतो म्हणे. यशूही झोपला. पाय मात्र चालूच. एका फाट्यावर त्याची रांग डावीकडे वळली. हा सरळ गेला. तिथून दुसऱ्याच कुठल्या साध्या पलटणीची रांग चालली होती, हा तिच्या शेपटीला लागला. त्यांच्याबरोबर त्यांच्या तळावर पोहोचला, त्यांच्या हजेरीत ‘हाजिर’ म्हणाला, त्यांच्या पंगतीत जेवला आणि त्यांच्या तंबूत झोपला. इकडे सगळा डोंगर त्याला शोधतोय. सापडला तेव्हा तिथला सुभेदार म्हणत होता, मुलगा चांगला आहे, आम्हालाच ठेवू द्या.

त्याच्या साहेबांनी त्याला समोर उभं केलं आणि म्हणाले, “तेरे पाँव पास हैं. बाकी तू फेल.”

सगळे हसले. मीही हसले. पण त्याचा मला फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. “आत्या, मी थांबलो नव्हतो ग. मी चालतच होतो,” एवढंच दोनदा म्हणाला आणि रडायला लागला. त्याला अजून एकदाच जाता येणार होतं. त्यानंतर दार कायमचं बंद. दादा म्हणाला, आहे ती नोकरी चांगली आहे, पुरे झालं. ह्यांनी मात्र माझ्या हातातून फोन घेतला, यशूचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाले, “जेवून घे. पुन्हा जायचंय.”

\* \* \*

आता शेवटचं सांगते आणि चहा टाकते.

यशूला दुसऱ्यांदा बोलावणं आलं, आणि नेमकं त्याच दिवसांत त्याच्या बहिणीचं लग्न आलं. रेवा त्याची मोठी बहीण. मुलगा देवासचा, आमच्याच गल्लीतला सौरभ, स्थळ मीच सुचवलेलं. लग्न धारला. पुढचे मुहूर्त फार लांबचे होते. रेवाने भावाला सांगितलं, तू जा, लग्न काय, व्हिडिओत बघ. सांगताना ती हसत होती, पण दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही हे सगळ्या धारला माहीत आहे.

जायच्या आधी यशू ह्यांना भेटायला आला. तिथे शेवटी पोरांना खोटं खोटं पकडतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि झोपेने मेलेल्या अवस्थेत विचारत राहतात, कोण आहेस, कुठे निघालास, पुढचा बेत काय. तोंडून खरं निघालं की संपलं. त्याने विचारलं, आतोबा, तेव्हा काय करायचं? हे म्हणाले, “खोटं बोलू नकोस, झोपेत विसरशील. खरंच बोल, पण भलत्याच गोष्टीचं.”

पुढचं आम्हाला ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका उस्तादाने, म्हणजे तिथल्या शिकवणाऱ्याने, नंतर फोनवर सांगितलं. यशूला पकडून बसवलं होतं. विचारणारे सगळे हिंदी. त्यांनी दरडावून विचारलं, बेत काय? यशूला त्या घडीला जगात एकच खरी गोष्ट आठवत होती. तो म्हणाला, “शनिवार की शाम को सीमांतपूजन है.”

सीमांतपूजन म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वराकडच्यांचं स्वागत करतात ते. पण ‘सीमांत’ ऐकल्याबरोबर विचारणारा ताठ झाला. सीमेवर? किती माणसं? यशू म्हणाला, पंगतीत मावतील तेवढी. म्होरक्या कोण? “मामा. मामा ही लड़की को लेकर आएँगे. बीच में परदा रहेगा. परदा हटते ही सब चारों तरफ से चावल फेंकेंगे.” उस्ताद म्हणाला, एकजण भराभर लिहून घेत होता. आणखी काय आहे? “रुखवत में किला है.” कसला किल्ला? कुठे? “साब, शक्कर का. माँ ने बनाया है.”

तिथे मोठे साहेब बसले होते. त्यांना आता शंका आली. ते जवळ आले आणि म्हणाले, मग तुझं काम काय यात?

“मुझे जीजाजी का कान मरोड़ना है, साब.”

लाजाहोमाच्या वेळी मुलीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. कानपिळी. ती भावानेच करायची. साहेबांनी पट्टी काढायला लावली. त्यांना सगळं समजलं. ते म्हणाले, गाडी उभी आहे. एक शब्द बोल, आत्ता सोडतो, लग्नाला पोहोचशील. कोणी तुला काही म्हणणार नाही.

उस्ताद म्हणाला, आम्हाला सगळ्यांना वाटलं हा जाणार. आम्हीही गेलो असतो. यशूने पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला, “साब, जीजाजी का कान कहीं नहीं जा रहा.” मग स्वतःच पट्टी बांधायला मान पुढे केली.

इकडे धारला मांगलिक भवनात आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्न लागलं. लाजाहोम आला आणि गुरुजींनी हाक दिली, मुलीचा भाऊ कुठे आहे? चुलतभाऊ पुढे झाला. रेवाने त्याचा हात धरून त्याला मागे केलं. म्हणाली, “कान पिळेल तर यशूच. नाहीतर राहू दे.” गुरुजी म्हणाले, विधी अपुरा राहील. ती म्हणाली, राहू दे अपुरा. दादा, आयुष्यभर दुसऱ्यांचे विधी दुरुस्त करत आलेला माझा दादा, उठला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. यशू येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. माझ्याने ते बघवेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. यशूने फौजेत माझा नंबर दिला होता, कारण दादा अनोळखी फोन उचलत नाही. अशा नंबरावरून अवेळी फोन आला की काय असू शकतं, हे फौजीच्या बायकोला शिकवावं लागत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जागचे हलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी बाजूला जाऊन फोन उचलला.

पलीकडे एक करडा आवाज. “सूबेदार साहब के घर से?”

मी हो म्हटलं.

“सीमांतपूजन हो गया?”

मला वाटलं माझेच कान वाजताहेत. मी म्हटलं, काल झालं. मामा मुलीला घेऊन वेळेवर आले का? आले. किल्ला? मी गोंधळले, मग उमगलं, रुखवत! म्हटलं, आहे, पण एक बुरूज मुलांनी खाल्ला. पलीकडे कोणीतरी खोकलं.

“और कान?”

मी सांगितलं, ते राहिलं. मुलीने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, भावाची जागा तशीच ठेवलीय. मग माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, “साहब, हमारा लड़का ठीक है ना? हुआ क्या उसका?”

“मैडम, ये हम फोन पर नहीं बता सकते.” मग तोच आवाज म्हणाला, “आप दामाद साहब से बस इतना कह दीजिए, उनका कान अब कमांडो मरोड़ेगा.”

फोन बंद झाला. मी मांडवात गेले आणि होमाजवळ वाकून सौरभला निरोप जसाच्या तसा सांगितला. रेवा रडायला लागली, आणि सौरभने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले.